आमच्या रायफल क्लबची नवी समिती आणि एक शब्द

गेल्या महिन्यात आमच्या नेमबाजी क्लबची वार्षिक सभा झाली आणि तब्बल एकोणीस वर्षांनी चिटणीस बदलले. मंडळाच्या मागच्या बैठकीत मी हे सहज बोलून गेले, तर दोघातिघांनी एकदम विचारलं, "बडोद्यात नेमबाजीचा क्लब आहे? आणि तू तिथे काय करतेस?" एकाला वाटलं की घरोघरी बंदुका ठेवणाऱ्या लोकांची ही काहीतरी संघटना असावी. शेवटी संपादक ताई म्हणाल्या, "सगळ्यांना एकेकटं सांगत बसण्यापेक्षा लिहूनच दे." म्हणून हा लेख. यात क्लबची बातमी आहे, क्लब चालतो कसा ते आहे, आणि माझ्या हातून झालेली एक चूकही आहे. चूक वगळली तर बातमी कळणार नाही.

आधी क्लबबद्दल. एका शाळेच्या मागचा जुना लांबट हॉल, त्यात सहा लेन. एका टोकाला टेबलं, दुसऱ्या टोकाला टार्गेटं, मध्ये बरोबर १० मीटर. सभासद चाळीसच्या आसपास. त्यात शाळकरी मुलं सर्वांत जास्त, तीन-चार निवृत्त गृहस्थ, आणि आम्ही कॉलेजवाले मोजके. आमच्याकडे फक्त एअर रायफल आणि एअर पिस्तूल आहेत. यात दारू नसते. दाबलेल्या हवेने ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. छर्रा हा शब्द मी इथे तुमच्यासाठी वापरते आहे, रेंजवर सगळे पेलेटच म्हणतात. या मापाच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीच्या एअर रायफलला आपल्या कायद्याप्रमाणे परवाना लागत नाही. स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तो ५० मीटर थ्री पोझिशनचा प्रकार वेगळा. त्यात खरं काडतूस असतं, आणि परवान्याची सगळी वाट चालावी लागते. ते आमच्या आवाक्यातलं नाही.

परवाना नाही म्हणजे खेळणं नाही, हे मात्र लक्षात ठेवा. छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातो. डोळ्याला लागला तर डोळा जातो. म्हणून या खेळात नेम शिकवण्याआधी शिस्त शिकवतात.

आता नेमाचं गणित. रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा जो मधला ठिपका असतो, तो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. बॉलपेन टेकवल्यावर उमटतो तेवढा. पिस्तूल एका हाताने धरायचं असल्याने त्याचा दहाचा गोल मोठा, ११.५ मिलिमीटरचा. स्पर्धेत ६० फैरी. रायफलला दशांशात गुण मोजतात, एका फैरीला जास्तीत जास्त १०.९, म्हणजे एकूण ६५४. पिस्तूलला पूर्णांकातच, एकूण ६००. रायफल साडेपाच किलोपर्यंत भरते. ती उभ्याने धरून, श्वास अर्धवट सोडून, हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत बोट हलवायचं. मिस्सा आटोपून मी थेट रेंजवर जाते तेव्हा आई म्हणते, "देवळातून उठून बंदुकीकडे कशी ग जातेस?" मी तिला सांगते, दोन्हीकडे तासभर गप्प उभं राहायचंच काम असतं.

या छोट्या हॉलचा धागा वर कुठवर जातो तेही सांगते. आमच्यासारखे क्लब जिल्ह्याला आणि राज्य संघटनेला जोडलेले असतात, राज्य संघटना नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाला, आणि ती आंतरराष्ट्रीय महासंघाला. ही राष्ट्रीय संघटना १९५१ साली स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष कोण होते माहीत आहे? गणेश वासुदेव मावळणकर, लोकसभेचे पहिले सभापती. मूळ घराणं रत्नागिरीकडचं, वकिली अहमदाबादची, आणि जन्म १८८८ सालचा, आपल्या बडोद्यातला! राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची जी पात्रता स्पर्धा असते, तिला त्यांचंच नाव आहे. देशभरातली मुलं "यंदा मावळणकर खेळलो" असं म्हणतात, आणि त्यातल्या बहुतेकांना हा माणूस कोण हे ठाऊक नसतं. आम्हा बडोदेकरांना तरी असावं.

आता पदांकडे येऊ. अध्यक्ष सभा चालवतात आणि बाहेर क्लबचं तोंड असतात. खजिनदार वर्गणी, छर्ऱ्यांचे डबे आणि सिलिंडरचा हिशेब बघतात. चिटणीस म्हणजे बाकी सगळं: प्रवेश, स्पर्धांच्या नोंदी, कपाटाची किल्ली, दुरुस्ती, पत्रव्यवहार. आणि चौथं पद निवडणुकीत नसतंच, पण त्या तासापुरतं सर्वांत मोठं असतं. ते रेंज ऑफिसरचं. लेनवर ऑलिंपिकचा खेळाडू उभा असला तरी रेंज ऑफिसरने थांबवलं की त्याने थांबायचं.

त्याचा क्रम असा. "लोड" म्हटल्यावरच छर्रा भरायचा. "स्टार्ट" म्हटल्यावर फैरी सुरू. "स्टॉप" म्हटलं की त्याच क्षणी बोट ट्रिगरवरून बाहेर. मग "अनलोड": रायफल रिकामी करायची, नळीत रंगीत सेफ्टी फ्लॅग घालायचा, रायफल टेबलावर ठेवून मागच्या रेषेपाशी यायचं. सहाही फ्लॅग रेंज ऑफिसरने डोळ्यांनी पाहायचे. त्यानंतरच कुणी टार्गेटकडे चालत जायचं. टार्गेटं खरं तर दोरीवरून टेबलाशी ओढून घेता येतात, पण आमच्या दोन लेनच्या दोऱ्या कित्येक महिने तुटलेल्या होत्या. तिथे कागद बदलायला चालतच जावं लागे.

हा सगळा क्रम आमच्याकडे कुठेही लिहिलेला नव्हता. तो काकांच्या तोंडी होता. काका म्हणजे आमचे आधीचे चिटणीस. एकोणीस वर्षं दर रविवारी तेच कमांड देत आणि सगळं सुरळीत चाले. पॅरिसनंतर मुलांची गर्दी वाढली, काकांचे गुडघे दुखायला लागले, आणि ते अधूनमधून आम्हा जुन्यांपैकी कुणाला तरी "आज तू बघ" म्हणायला लागले.

जानेवारीतल्या एका रविवारी काका गावाला गेले होते आणि टेबलाशी मी होते. तुम्ही मला ओळखता. मी साहित्याची विद्यार्थिनी, एकच शब्द दोनदा वापरायचा मला कंटाळा येतो. त्यात आपलं बडोदं; एका वाक्यात आपण तीन भाषा बोलतो. फैरी संपत आल्या तेव्हा मी म्हटलं, "चला, झालं, थांबा आता." दोन गुजराती मुलं अजून नेम धरून होती, म्हणून त्यांच्याकडे बघून म्हटलं, "ऊभा रहो, ऊभा रहो!"

गुजरातीत त्याचा अर्थ थांबा. पण तीन नंबरच्या लेनवर जळगावहून नुकताच आलेला बारा वर्षांचा एक मुलगा होता. वडिलांची बदली झालेली, गुजराती अजून कानावर बसलेली नव्हती. रायफल भरून तो खुर्चीवर विसावला होता. त्याने ऐकलं "उभा राहा". तो उभा राहिला. रायफल उचलली, नेम धरला आणि फैर झाडली.

त्या क्षणी पाच नंबरची मुलगी कागद आणायला रेषेच्या पुढे गेलेली होती. मी तिला अडवलं नव्हतं, फ्लॅग मोजले नव्हते. छर्रा त्याच्या टार्गेटवरच लागला, आठ गुणांवर. ती दोन लेन पलीकडे होती. तिला कळलंही नाही. त्या मुलालाही नाही. तो उलट माझ्याकडे बघून हसला, सांगितलेलं केलं म्हणून.

दोन रविवार मी गप्प राहिले. कुणाला काही झालं नव्हतं, कुणी पाहिलं नव्हतं, असं स्वतःला सांगत राहिले. तिसऱ्या रविवारी काकांना सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. त्यांनी कपाटातून हजेरीचं रजिस्टर काढलं, कोरं पान उघडलं आणि म्हणाले, "लिही. तारीख, वेळ, काय झालं, कमांडवर कोण होतं." मी माझं नाव लिहिलं. ते वाचून काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चूक तुझी आहेच बेटा. पण एकोणीस वर्षं मी हा क्लब तोंडात ठेवला, कागदावर नाही ठेवला. ती माझी." मार्चच्या समितीत त्यांनी राजीनामा दिला. तब्येतीचं कारण लिहिलं, ते खरंच होतं. पण आणखी एक कारण होतं ते आता तुम्हाला कळलं.

सभेत वाद झाला. एका सभासदांनी इलेक्ट्रॉनिक टार्गेटांसाठी मोठी देणगी देऊ केली होती. त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं: कागदच नाही तर कुणाला पुढे जावंच लागणार नाही. आमच्या प्रशिक्षक ताई म्हणाल्या, "टार्गेटं येतील तेव्हा येऊ देत, आभारच आहेत. पण आधी दोऱ्या, पाटी आणि नियम. यंत्र 'स्टॉप' म्हणत नाही, माणूसच म्हणतो." बऱ्याच ओढाताणीनंतर मधला मार्ग निघाला. देणगीदार गृहस्थ अध्यक्ष झाले, ताई चिटणीस झाल्या, आणि पहिला ठराव दोऱ्यांचा झाला. त्या दोऱ्यांचे पैसे नव्या अध्यक्षांनीच दिले, हेही सांगायला हवं.

चिटणीस बदलणं म्हणजे किल्ली हातात देणं एवढंच नसतं, हे मला तेव्हा कळलं. ट्रस्ट म्हणून नोंदलेल्या संस्थेला नव्या पदाधिकाऱ्यांचा फेरफार अहवाल ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे द्यावा लागतो. बँकेतल्या सह्या बदलायच्या. प्रत्येक रायफल नंबरासकट मोजून जुन्याने द्यायची, नव्याने घ्यायची. काका आणि ताई दोन संध्याकाळी हेच करत बसले होते.

ताईंनी आणखी एक गोष्ट सभेत मंजूर करून घेतली: कुठल्याही पदावर एका माणसाने सलग सहा वर्षांपेक्षा जास्त राहायचं नाही. काकांनीच पहिला हात वर केला. वरच्या पातळीवर हे आधीच आहे. राष्ट्रीय क्रीडा संहितेने राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षाला १२ वर्षांची मर्यादा घातली होती. रायफल असोसिएशनवर २०१० पासून असलेल्या रणिंदर सिंग यांच्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये कलिकेश नारायण सिंह देव निवडून आले. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने तर राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत किमान चार महिला आणि दोन नामवंत खेळाडू असावेत असं सांगितलं आहे. आमच्या चाळीस जणांच्या क्लबला हे लागू नाही. पण तत्त्व तेच: काम चांगलं चाललं आहे ते माणसामुळे की नियमामुळे, हे माणूस बाजूला झाल्याशिवाय समजत नाही.

पाटीचं काम माझ्याकडे आलं. "तू भाषेची ना, तूच लिही," असं ताई म्हणाल्या. मी आनंदाने मराठी प्रतिशब्द शोधायला बसले. भरा, सुरू करा, थांबा, रिकामी करा. छान दिसत होते. ताईंनी कागद परत दिला. म्हणाल्या, "ही मुलं उद्या मावळणकर खेळायला गेली तर तिथे काय ऐकतील?" स्पर्धेच्या रेंजवर तेच चार शब्द असतात. तेव्हा पाटीवर लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड हेच शब्द आहेत, देवनागरीत आणि गुजरातीत. प्रत्येकापुढे त्याचा अर्थ मात्र दोन्ही भाषांत सविस्तर लिहिला आहे. शब्द एकच, समजावणं हवं तितकं. नव्या मुलाला पहिल्या दिवशी तो अर्थ स्वतःच्या भाषेत बोलून दाखवावा लागतो, मगच रायफल हातात मिळते.

आपल्याला मंडळात समानार्थी शब्द म्हणजे श्रीमंती वाटते, आणि ती आहेच. पण काही जागा अशा असतात की तिथे दुसरा शब्द म्हणजे धोका. भाषेवर प्रेम करणाऱ्याला हेही ठाऊक असावं, एवढंच मला म्हणायचं आहे.

जळगावचा तो मुलगा आता जिल्हा स्पर्धेत उतरतोय. परवा त्याला मी तो प्रसंग सांगितला. तो थोडा वेळ विचारात पडला आणि म्हणाला, "पण ताई, तू उभा राहा म्हणालीस ना?" म्हटलं, "हो रे, म्हणाले होते." रविवारी कमांडवर मीच असते. पाटी माझ्या डोक्यामागेच आहे, पण मी वळून बघत नाही. आधी सहा फ्लॅग मोजते.