परदेशी वास्तव्य आणि मैलांची खातेवही

मंगळवेढ्याहून परदेशी स्थायिक होण्यास निघालेला मुलगा पहिले तिकीट काढतानाच विमान कंपनीच्या मैल-योजनेत नाव नोंदवून मोकळा होतो. ती कंपनी बहुधा त्या दिवशी स्वस्त मिळालेली असते. आपल्या घरांत आडत्या निवडताना अशी घाई कोणी करीत नाही.

विचार नव्या गावापासून करावा. तेथून मुंबईस कोणाची विमाने नियमित येतात? दुबईत एमिरेट्स, सिंगापुरात सिंगापूर एअरलाइन्स, हे उघडच आहे. शिकागो वा फ्रँकफर्टला जाणाऱ्याने मात्र कंपन्यांचा संघ पाहावा. एअर इंडिया जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे. युनायटेड आणि लुफ्तान्साही त्यातच. म्हणून एअर इंडियाच्या प्रवासाचे मैल युनायटेडच्या खात्यात जमा करता येतात. एक प्रवास मात्र एकाच खात्यात चढतो.

मुदतीकडे फार थोडे लक्ष देतात. सिंगापूरच्या क्रिसफ्लायरचे मैल तीन वर्षांनी बाद होतात, युनायटेडचे होत नाहीत. क्वचितच पर्युषणास घरी येणाऱ्याला हा फरक मोठा आहे. त्या मैलांवर आई-वडिलांना बोलावायचे, तर क्रिसफ्लायरमध्ये त्यांची नावे आधी नोंदवावी लागतात.

मैल ही कंपनीकडील आपली येणे बाकी, आणि तिचा भाव कंपनीच ठरवते. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. साठवून ठेवण्यापेक्षा वेळीच खर्चलेले बरे.

मैलांवर काढलेल्या तिकिटावरही जैन भोजनाची नोंद वेगळी करावी लागते. ती निदान चोवीस तास आधी करावी.