चार टक्क्यांची धास्ती

1994 साली क्लिंटन सरकारला गरिबांसाठीच्या योजनांची फेररचना करायची होती आणि त्यासाठी पैसा हवा होता. जुगाराच्या ढोबळ उत्पन्नावर 4 टक्के केंद्रीय कर बसवावा, अशी कल्पना पुढे आली. कॅसिनोवाल्यांची झोपच उडाली. एकमेकांची गिऱ्हाइकं पळवण्यात हयात घालवलेले, एरवी ज्यांच्यात विस्तव जात नव्हता असे मालक एकत्र आले. कर बारगळला, धास्ती मात्र राहिली. 1995मध्ये वॉशिंग्टनात त्यांच्या ‘अमेरिकन गेमिंग असोसिएशन’ या संघटनेचं कार्यालय थाटलं गेलं. तिच्या प्रमुखपदी आले फ्रँक फॅरेनकॉफ. नेवाडाचे वकील आणि रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे माजी अध्यक्ष. पत्त्यांपेक्षा खासदारांची नस ओळखणारा माणूस हवा होता, तो मिळाला.

पुढच्याच वर्षी काँग्रेसने जुगाराच्या परिणामांची चौकशी करायला नऊ जणांचा आयोग नेमला. त्यात जुगाराचे कट्टर विरोधक जेम्स डॉब्सन होते, तसेच एमजीएम ग्रँड या कॅसिनो कंपनीचे टेरी लॅनीही होते! जुगाराच्या व्यसनावरील संशोधनाला पैसा पुरवणारी संस्थाही उद्योगाने त्याच वर्षी उभी केली. तिचा निधी हार्वर्ड मेडिकल स्कूलपर्यंत पोचला. ते संशोधन खोटं होतं असं म्हणण्याचं कारण नाही. पण कोणता प्रश्न आधी विचारायचा यावर पैसेवाल्याची सावली पडतेच.

बाहेरचा शत्रू असेतो ही एकी टिकली. ऑनलाइन जुगाराचा विषय निघाला आणि घरातच फूट पडली. काही कंपन्यांना त्यात नवी बाजारपेठ दिसत होती, तर लास वेगास सँड्सचे शेल्डन एडेलसन त्यावर बंदीच मागत होते. 2014मध्ये संघटनेने ‘आम्ही तटस्थ’ म्हणून हात वर केले.

संघटनेची खरी चिकाटी दिसते ती बारीकसारीक नियमांत. 2025पर्यंत स्लॉट मशीनवर एका डावात 1,200 डॉलर लागले, की मशीन तिथेच थांबायचं. कर्मचारी यायचा, ओळखपत्र बघायचा, कराचा फॉर्म भरून घ्यायचा. तेवढा वेळ मशीनची कमाई बंद. 1,200ची ही मर्यादा 1977 सालची. महागाई कितीही वाढली तरी ती हलली नव्हती. ती वाढवा म्हणून संघटना वर्षानुवर्षं मागे लागली होती. जुलै 2025च्या कर कायद्याने ती 2026पासून 2,000 डॉलरवर नेली. मात्र त्याच कायद्यात आणखी एक कलम शिरलं. जिंकलेल्या रकमेतून हरलेल्या रकमेची पूर्ण वजावट आता मिळणार नाही, फक्त 90 टक्के. म्हणजे वर्षभरात एक लाख डॉलर जिंकून तेवढेच हरलेल्या जुगाऱ्याला, हाती छदामही न उरता, दहा हजारांवर कर भरायचा आहे. संघटना आता हे कलम काढून टाकण्याच्या मागे आहे.