वरच्या दुधाचा डबा निवडताना

नोकरदार आईला कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती संपत येते तेव्हा बाळ पाच-सहा महिन्यांचं झालेलं असतं, घरात उष्टावणाची बोलणी सुरू असतात आणि औषधाच्या दुकानात उभं राहिल्यावर प्रश्न पडतो : आता वरचं दूध कोणतं आणायचं? समोर एकाच कंपनीचे १, २, ३, ४ असे आकडे घातलेले डबे मांडलेले असतात. आकडा वाढला की दूध जास्त पौष्टिक, असा समज पटकन होतो. तो चुकीचा आहे. सहा महिन्यांपुढच्या बाळासाठी कोणता डबा, यापेक्षा डबा कशासाठी आणि किती, हे ठरवणं जास्त महत्त्वाचं आहे.

आधी गरज मोजा

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार, सहा महिने ते एक वर्ष या काळात बाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा आईच्या दुधातून मिळू शकते. आई दिवसभर बाहेर असली तरी सकाळी, संध्याकाळी आणि रात्री अंगावर पाजता येतं. काढून ठेवलेलं दूध फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत चांगलं राहतं. रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. हा हक्क मागून घ्यायला हवा. एवढं जमलं तर डब्याचं दूध दिवसातून एक-दोन वेळाच लागेल. आईचं दूध मिळणं शक्यच नसेल, तर डब्याचं दूध हा योग्य आधार आहे. तो घेताना कोणत्याही आईने अपराधी वाटून घेऊ नये.

एक नंबर की दोन नंबर?

एक नंबरचा डबा जन्मापासूनच्या बाळासाठी असतो आणि दोन नंबरचा सहा महिन्यांनंतरच्या. दोन नंबरमध्ये सहसा प्रथिनं आणि लोह थोडं जास्त असतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तो देऊ नये. उलट, बाळ आधीपासून एक नंबरवर असेल आणि ते दूध त्याला मानवत असेल, तर वर्षाचं होईपर्यंत तेच चालू ठेवता येतं. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा पालकांना हेच सांगते. मोठ्या बाळांसाठीचं असं वेगळं दूध आवश्यक नाही, हे जागतिक आरोग्य परिषदेने १९८६ सालीच ठरावात नोंदवलं आहे. आपल्याकडे सहा महिन्यांनंतर नव्याने डबा सुरू करताना डॉक्टर बहुधा दोन नंबर लिहून देतात. त्यालाही हरकत नाही. तीन आणि चार नंबरचे डबे वर्षापुढच्या बाळांसाठी असतात. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेने एक ते दोन वर्षांच्या मुलांना असं दूध देऊ नये, साधं दूध द्यावं, असा स्पष्ट सल्ला दिला आहे.

डबा उलटा करून वाचा

भारतात १९९२ चा कायदा आहे आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दुधाची आणि आहाराची जाहिरात करायला, फुकट नमुने वाटायला त्यात मनाई आहे. डब्यावर बाळाचा किंवा आईचा फोटोही छापता येत नाही. त्यामुळे विक्रीचा सगळा भर ‘बुद्धी’, ‘प्रतिकारशक्ती’ सुचवणाऱ्या घटकांच्या नावांवर येतो. डीएचए हा मेदाचा घटक घातलेल्या दुधाने पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांची बुद्धी वाढते, याचा खात्रीचा पुरावा मिळालेला नाही. त्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

डब्याच्या मागच्या बाजूला घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. लॅक्टोज ही दुधातलीच साखर आहे. सुक्रोज, ग्लुकोज सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन ही नावं यादीत वरच्या बाजूला दिसली, तर दुसरा डबा बघावा. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक आणि शेवटची तारीख तपासावी. परदेशातल्या नातेवाइकांनी प्रेमाने आणलेल्या डब्यात चमच्याचं माप वेगळं असू शकतं, शिवाय तो संपल्यावर तसाच इथे मिळेल असं नाही.

सोयाचं, लॅक्टोज नसलेलं किंवा प्रथिनं तोडलेलं दूध हे ठरावीक आजारांसाठी असतं. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळाला शेळीच्या दुधाचा डबाही सहसा चालत नाही. बाळ रडतं, शी घट्ट होते म्हणून स्वतःच्या मनाने असे डबे आणू नयेत.

गाईचं-म्हशीचं दूध

आपले बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आत गाईचं किंवा म्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून देऊ नका, असं सांगतात. त्यात लोह फार कमी असतं आणि प्रथिनं आईच्या दुधाच्या जवळपास तिप्पट असतात. पण पैशाचं गणितही डोळ्यांआड करता येत नाही. ४०० ग्रॅमच्या डब्यात साधारण तीन लिटर दूध होतं. रोज अर्धा लिटर लागलं तर डबा सहा दिवसांत संपतो, म्हणजे महिन्याला पाच डबे. ज्या घराला हे परवडत नाही, त्यांच्यासाठी २०२३ च्या त्याच सूचनांत मार्ग आहे : सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला डब्याचं किंवा जनावराचं, यांपैकी कोणतंही दूध देता येतं. मात्र ते नीट उकळलेलं असावं, लोहाची उणीव आहारातून आणि सरकारी केंद्रात मिळणाऱ्या लोहाच्या औषधातून भरून काढावी. परवडत नाही म्हणून डब्याच्या दुधात पाणी वाढवणं हा सगळ्यात वाईट उपाय आहे. त्याने पोट भरतं, बाळसं धरत नाही.

डब्यापेक्षा हात महत्त्वाचे

पावडर निर्जंतुक नसते. म्हणून पाणी खळखळून उकळावं, अर्ध्या तासाच्या आत, ते निदान ७० अंश गरम असताना त्यात पावडर घालावी आणि मग दूध कोमट होऊ द्यावं. आधी पाणी मोजावं, मग पावडर. चमचा त्याच डब्यातला, सपाट भरलेला, दाबून न भरलेला. किती पाण्याला किती चमचे हे प्रत्येक डब्यावर वेगळं असू शकतं. तयार दूध दोन तासांत संपवावं, उरलेलं टाकून द्यावं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा धुवायला सोपा आणि सुरक्षित. सहा महिन्यांनंतर बाळ छोट्या पेल्यानेही पिऊ शकतं.

दुधाने पोट इतकं भरू नये की खिमट, नाचणीची पेज, मऊ वरणभात, अंडं यांना जागाच उरणार नाही. या वयात वाढ व्हायची ती दूध आणि घास या दोहोंवर. नऊ महिन्यांच्या गोवराच्या लसीला जाल तेव्हा बाळाचं वजन करून कार्डावरच्या वाढीच्या रेषेवर मांडून घ्या. रेषा वर जात असेल, बाळ खेळतं असेल, तर शेजारणीच्या सांगण्यावरून डबा बदलू नका. रेषा आडवी झाली, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि पहिला वाढदिवस झाला की निरोगी बाळाचा डबा बंद करा. दिवसाला ४००-५०० मिली साधं, उकळलेलं, पाणी न घातलेलं दूध त्याला पुरतं. तीन नंबरच्या डब्याचे वाचलेले पैसे अंडी, डाळी, फळं आणि भाज्यांवर खर्च करा. त्यातून बाळाला जे मिळतं, ते कोणत्याही नंबरच्या डब्यात नाही.