इंटर्नशिपचे पैसे कोणी कोणाला द्यायचे?

जयपूरच्या जुन्या शहराबाहेरचं विद्याधर नगर आखलं ते वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी, 1980च्या दशकात. उपनगराला नाव मिळालं 1727 साली सवाई जयसिंहांच्या पदरी राहून जयपूरची रचना करणाऱ्या विद्याधर भट्टाचार्य यांचं. दोशी जन्माने पुणेकर. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले आणि 1951 साली पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या कार्यालयात उमेदवारी करायला गेले. फ्रेंच येत नव्हतं, पहिले आठ महिने पगारही नव्हता. पण समोर आले ते चंडीगड आणि अहमदाबादच्या खऱ्या इमारतींचे नकाशे, आणि चूक दाखवायला स्वतः कॉर्बुझिए होते. पुढे अहमदाबादच्या त्याच इमारतींवर देखरेख करायला दोशी भारतात परतले. 2018 साली त्यांना वास्तुरचनेसाठीचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

त्यांनी आखलेल्या वस्तीतल्या मुलांना आज अशी उमेदवारी कुठे मिळते? शेजारीच विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र आहे. आयटीआय झालेला मुलगा तिथे लेथवर शिकाऊ उमेदवार म्हणून उभा राहू शकतो. त्याच्यासाठी 1961चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, विद्यावेतन ठरलेलं आहे. कॉम्प्युटर शिकणाऱ्यांची वाट मात्र अवघड आहे. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची झाली. त्यामुळे सुट्टी लागली की हजारो मुलांना एकाच वेळी कुठल्या तरी कंपनीचं पत्र हवं असतं, आणि तेवढ्या जागा ना जयपुरात आहेत, ना पुण्या-नागपुरात. या टंचाईवर एक बाजार उभा राहिला आहे. मुलानेच फी भरायची, दीड महिना वर्गात बसायचं आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचं. प्रोजेक्ट तयारच असतो: ग्रंथालयाची नोंदवही नाहीतर हॉस्पिटलची. नाव बदललं की पुढच्या मुलाचा. याला शिकवणी म्हणा, हरकत नाही. इंटर्नशिप म्हणू नका.

खऱ्या कामाच्या ठिकाणी काय होतं ते पाहा. पहिला दिवस कंपनीचा कोड आपल्या लॅपटॉपवर चालू करण्यातच जातो. मग एक छोटी तक्रार वाट्याला येते. समजा, ऑनलाइन फॉर्ममध्ये मोबाइल नंबरच्या आधी कोणी +91 टाकलं तर फॉर्म अडतो. मुलगी तीन ओळी बदलते आणि खुशीत पाठवते. वरिष्ठ शेरे मारून परत पाठवतो: नंबरमध्ये मोकळी जागा सोडली तर? परदेशी नंबर असेल तर? टेस्ट कुठे लिहिली आहेस? दोन-तीन फेऱ्यांनंतर त्या ओळी मुख्य कोडमध्ये जातात आणि दुसऱ्या दिवशी अनोळखी माणसं तो फॉर्म वापरतात. या फेऱ्यांमध्ये जे शिकायला मिळतं, ते चार वर्षांच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मिळत नाही. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचणं, नेमका प्रश्न विचारणं, आपली चूक चारचौघांत मान्य करून दुरुस्त करणं, हे कामावरच शिकता येतं.

यात सगळ्यात महाग वस्तू म्हणजे त्या वरिष्ठाचा वेळ. आठ-दहा जणांच्या कंपनीला तो परवडत नाही, म्हणून ती इंटर्नला एक्सेल भरायला बसवते. तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. लहान कंपन्यांवर सक्ती नाही आणि ती नसावीही. पण राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनातला 25 टक्के वाटा, महिना 1,500 रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी याचा लाभ घ्यायला हवा.

सरकारं पैसे खर्च करत नाहीत असं नाही. राजस्थानात 2022पासून बेरोजगार पदवीधरांना भत्त्याच्या बदल्यात सरकारी कार्यालयात रोज चार तास इंटर्नशिप करावी लागते. महाराष्ट्राने 2024मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली: बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये महिना. रक्कम चांगली आहे आणि ती थेट मुलांच्या खात्यात जाते, याचं मला मोल वाटतं. पण अनेकजण ग्रामपंचायतीत, शाळेत, कार्यालयांत नेमले गेले. सहा महिन्यांची मुदत अकरा झाली आणि मग तिथेच कायम करा म्हणून आंदोलनं सुरू झाली. प्रशिक्षणानंतर जायचं कुठे, हे योजनेत कुठेच नव्हतं. मुलांचा त्यात दोष नाही. केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेची अडचण वेगळी. पहिल्या फेरीत सव्वा लाखाहून अधिक जागा निघाल्या, प्रत्यक्ष रुजू झाले नऊ हजारांच्या आत. महिना 5,000 रुपयांत परक्या शहरात खोली, जेवण आणि प्रवास भागवायचा कसा? दोशींनी पगाराविना आठ महिने काढले. प्रत्येक घराला ते झेपत नाही, आणि ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठीच तर योजना आखायची असते.

संगणक शिकवण्याच्या बाबतीत महाराष्ट्र आणि राजस्थान यांचं जुनं नातं आहे. एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम चालवणाऱ्या आपल्या एमकेसीएलच्या धर्तीवर जयपुरात आरकेसीएल ही कंपनी उभी राहिली आणि तिचा आरएस-सीआयटी अभ्यासक्रम गावोगाव पोचला. दोन्ही राज्यांत लाखो मुलांनी माउस हाती धरला तो या वर्गांमध्ये. एवढं मोठं जाळं ज्यांनी विणलं, त्यांना गावाजवळच्या कंपनीत चांगल्या मार्गदर्शकाखाली सहा महिन्यांचं काम मिळवून देणारी व्यवस्थाही उभारता येईल.

तोवर पालकांना एकच विनंती. मुलाने इंटर्नशिपचं पत्र आणलं की आधी विचारा, पैसे कोण कोणाला देणार आणि त्याचं काम रोज तपासणार कोण. पैसे मुलानेच द्यायचे असतील आणि तपासणारा कोणी नसेल, तर ती फी भरू नका.