स्प्रिंग धक्का झेलते, जिरवते ते तेल

बालाघाट जिल्ह्यात बैहर किंवा लांजीच्या बाजूला डांबरी रस्ता सोडून आत वळले, की मुरमाचे रस्ते सुरू होतात. उन्हाळ्यात त्यांवर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा उमटतात. 2007 साली टाबरले, मॉरिस आणि मॅकएलवेन या संशोधकांनी वाळूच्या फिरत्या थाळीवर चाक ठेवून या लाटांचा अभ्यास केला. एका ठरावीक वेगाच्या वर सुट्या दाण्यांवर लाटा आपोआप तयार होतात, असे त्यांना आढळले. त्यामुळे मुरूम कितीही सारखा केला तरी वाहने वेगाने गेली की लाटा परत येणारच. सुधारायचा तो गाडीचा शॉकअप.

अशा रस्त्यांसाठी 2011 साली हीरोने इम्पल्स ही मोटरसायकल आणली. ती आता बाजारात नवी मिळत नाही. हीरोच्याच 2019 सालच्या पहिल्या एक्सपल्सही जुन्या होऊ लागल्या आहेत. गाडी आपटू लागली की मालक दोनच गोष्टी मागतो: स्प्रिंग कडक करा, जाड तेल टाका. दोन्ही मागण्या नीट तपासून पाहायला हव्यात.

मागच्या शॉकअपची चकती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. तिचा कडकपणा मात्र तसूभरही बदलत नाही. आणखी एक मिलिमीटर दाबायला पूर्वी जेवढा जादा जोर लागत होता, तेवढाच आताही लागतो. बदलते ती गाडीची बसण्याची उंची. म्हणून आधी मोजमाप. मागचे चाक अधांतरी असताना आसापासून सरळ वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत अंतर घ्यावे, मग स्वार नेहमीच्या सामानासह बसल्यावर पुन्हा घ्यावे. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा. एक्सपल्सचे मागचे चाक 170 मिलिमीटर हलते, म्हणजे 55 ते 60 मिलिमीटर. हा आकडा जुळवताना चकती इतकी आवळावी लागली, की रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने जराही बसत नाही, तर स्प्रिंग त्या स्वारासाठी मऊ आहे. तिथे चकती फिरवत बसण्यात अर्थ नाही, स्प्रिंगच बदलावी लागते.

आता तेल. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते आणि लगेच परत करते. ती ऊर्जा उष्णतेत बदलून संपवायचे काम तेलाचे. साध्या पुढच्या फोर्कमध्ये तेल एका दांड्याच्या ठरावीक भोकांतून ढकलले जाते. फोर्क दबण्याचा वेग दुप्पट झाला की तेलाचा विरोध जवळजवळ चौपट होतो. सगळा घोळ या चौपटीत आहे. हळुवार ब्रेक लावल्यावर तेल सहज निसटते आणि गाडीचे तोंड खाली जाते. टोकदार दगड लागला, की तेच तेल भोकात अडते आणि धक्का थेट मनगटात येतो.

आता त्या लाटांवर हिशेब करू. दोन उंचवट्यांमध्ये पाऊण मीटर अंतर आणि ताशी 40 किलोमीटर वेग धरला, तर चाक सेकंदाला सुमारे 15 वेळा वर-खाली होते. जाड तेलात दबलेला फोर्क पुरता उघडायच्या आत पुढचा उंचवटा येतो. प्रत्येक लाटेसरशी तो थोडा अधिक आत बसत जातो, शेवटी हालचालच उरत नाही. स्वाराला वाटते शॉकअप फार कडक आहे. प्रत्यक्षात तो दबूनच राहिलेला असतो. मऊपणासाठी पातळ तेल लागावे, हे मला या विषयातले सर्वांत सुंदर कोडे वाटते.

उलट, वर्षानुवर्षे न बदललेले तेल झिजून पातळ होते, त्यात धातूचा कीस मिसळतो, फेस होतो. मग गाडी उड्या मारते. म्हणून ताजे फोर्क ऑइल हा सर्वांत स्वस्त आणि मोठा बदल. इंजिन ऑइल तिथे घालू नये. तेलाची पातळीही महत्त्वाची: स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरून मोजायची. तेलावर कोंडलेली हवा हीसुद्धा स्प्रिंगच आहे. पातळी थोडी वाढवली, की शेवटच्या टप्प्यात हवेचा दाब झपाट्याने चढतो आणि फोर्क तळाला आपटत नाही.

चौपटीवरचा खरा उपाय म्हणजे इम्युलेटर. ही छोटी झडप फोर्कमध्ये स्प्रिंगखाली बसते. दांड्याची भोके मोठी करून विरोधाचे काम तिच्याकडे सोपवतात. दाब वाढला की ती उघडते, तेलाला वाट मिळते.

जुन्या गाडीवर मात्र इम्युलेटरचा खर्च शेवटी करावा. आधी फोर्कच्या नळ्यांवरून नख फिरवून पाहा. गंजाचे खड्डे लागले, तर नवे ऑइल सीलही फाटेल, तेल गळेल आणि ते डिस्कवर गेले तर ब्रेकच धरणार नाही.