पाण्यातली बुरशी आणि तिची सोयरीक

एक सोपा प्रयोग करून पाहा. तळ्याचे थोडे पाणी बशीत घ्या, त्यात एक मेलेली माशी टाका आणि बशी सावलीत ठेवा. तीन-चार दिवसांत माशीभोवती कापसासारखे पांढरे तंतू दिसू लागतील. ही पाण्यातली बुरशी. शास्त्रज्ञ हिला सॅप्रोलेग्निया म्हणतात.

ही आली कोठून? तिचे बीज पाण्यात आधीच होते. तंतूचे टोक फुगते, तेथे आडवा पडदा पडतो आणि आतून पुष्कळसे सूक्ष्म बीजाणू बाहेर पडून पोहू लागतात. प्रत्येकाला केसासारख्या दोन शेपट्या असतात. थोडे पोहून बीजाणू अंगाभोवती कवच करतो व स्वस्थ बसतो. मग कवच सोडून पुन्हा पोहतो. या खेपेस त्याचा आकार घेवड्याच्या बीसारखा असतो. खाद्य सापडले की तेथेच रुजतो. दिवस प्रतिकूल आले म्हणजे नर व मादी अवयव धरतात, आणि त्यांच्या संयोगातून जाड कवचाचे बीजाणू होतात. ते चांगल्या दिवसांची वाट पाहत टिकून राहतात.

आता गंमत ऐका. ही दिसते बुरशी, पण हिचे कूळ बुरशीचे नव्हे! खऱ्या बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असते, जे खेकड्याच्या कवचातही सापडते. हिच्या भित्तीत मुख्यतः सेल्युलोज व त्याच जातीचे पदार्थ असतात. खऱ्या बुरशीपैकी ज्या थोड्यांचे बीजाणू पोहतात, त्यांना बहुधा मागे एकच शेपटी असते. डीएनए ताडून पाहिल्यावर नाते पक्के झाले: सॅप्रोलेग्निया ही समुद्रातल्या तपकिरी शेवाळाची सोयरी, तर खरी बुरशी, म्हणजे आपली अळंबीसुद्धा, वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची.

या कुळाचा शेतकऱ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध मोठा आहे. 1845 साली आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडाले, पुढे दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे गेली. तो रोग याच कुळातला. आपल्या बाजरीवरचा गोसावी आणि द्राक्षावरचा केवडाही त्यातलेच. द्राक्षावरची भुरी मात्र खरी बुरशी. म्हणून भुरीवर चालणारे गंधक केवड्यावर फारसे चालत नाही. त्याला मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण लागते. ते 1885 च्या सुमारास फ्रान्समध्ये पुढे आले.

आणि पान ओले राहिले की केवडा का फैलावतो, हेही आता उमगेल. त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थेंबात पोहतच आत शिरतात. भुरीला असे पाणी लागत नाही. तेव्हा फवारणीआधी पान उलटून पाहा: वर पिवळा तेलकट डाग आणि खाली पांढरी लव दिसली, तर तो केवडा. शिक्षकांनी बशीतला प्रयोग वर्गात अवश्य दाखवावा. नंतर मुलांना हात मात्र धुवायला लावावेत.