गुडघ्याने बदलणारे सूर

डहाणू तालुक्यात रानशेत-गंजाडच्या बाजूला भातकापणीच्या दिवसांत वारली पाड्यांवर तारपा घुमू लागतो. वाळलेल्या भोपळ्यात बांबूच्या नळ्या मेणाने पक्क्या बसवलेल्या असतात. नळीला भोके कोठे पाडायची हे तारपा करणाऱ्याने एकदा ठरवले की स्वरही ठरले. वाजवणारा भोके झाकून-उघडून त्यांतूनच निवड करतो. याच पाड्यांवर भगताजवळ घांगळी असते. बांबूची दांडी, भोपळे आणि तारा असे हे वाद्य. तारेचे वाद्य आले की एक नवी सोय मिळते. तार ताणली की स्वर चढतो, सैल केली की उतरतो.

हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. पण किती ताणली की किती चढतो? वर्गात हा प्रश्न विचारून पाहावा. 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंत जायचे, म्हणजे कंपनसंख्या दुप्पट करायची, तर ताण किती वाढवावा? बहुतेक विद्यार्थी 'दुप्पट' असे सांगतील. खरे उत्तर 'चौपट' आहे, कारण कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते.

सूत्र फळ्यावर लिहून हे पटत नाही, पाण्याने पटते. गिटारची सर्वांत बारीक तार घ्यावी. ती साधारण पाव मिलिमीटर जाडीची असते. तिचे एक टोक बाकाला पक्के बांधावे, दुसरे टोक कप्पीवरून खाली सोडून त्याला बादली अडकवावी. तारेखाली साठ सेंटिमीटर अंतरावर लाकडाच्या दोन पट्ट्या उभ्या ठेवाव्यात. बादलीसह वजन 2 किलोग्रॅम होईल इतके पाणी घालून तार छेडावी आणि या स्वराला 'सा' मानावे. आता पेटीवर स्वर धरून पाणी वाढवत जावे. एकूण वजन सुमारे 2.5 किलोग्रॅम झाले की 'रे' लागतो, 3.1 ला 'ग', 3.6 ला 'म', साडेचारला 'प', आणि वरच्या 'सा'साठी पुरे 8 किलोग्रॅम लागतात. कप्पी गंजलेली असेल तर आकडे हमखास चुकतील, म्हणून आधी तेलाचा थेंब सोडावा. तार तुटू शकते. चेहरा तिच्या रेषेत आणू नये आणि बादलीखाली पाय ठेवू नये.

सतारिया मींड घेताना हेच करतो. पडद्यावर दाबलेली तार तो आडवी ओढतो, ताण वाढतो आणि स्वर चढत जातो. बादलीतले पाणी त्याच्या बोटात असते म्हणा ना! मात्र तो एका वेळी एकच तार ओढतो. दोन-तीन तारा एकदम आणि प्रत्येक तार वेगवेगळ्या मापाने ओढायची असेल तर बोटे पुरत नाहीत. पेडल स्टील गिटार हे वाद्य याच अडचणीतून जन्मले.

हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवण्याची पद्धत सुरू झाली. तिचे श्रेय जोसेफ केकुकू याला देतात. ही 'हवाईयन गिटार' आपल्याकडेही रुजली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी ती वाजवली. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर रागसंगीत मांडले. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत संतूर आणि बासरीबरोबर ऐकू येते ती त्यांचीच गिटार.

आता या कांडीची अडचण पाहा. कांडी सरळ असते. समजा तीन तारा सा, ग, प अशा लावल्या आहेत. कांडी पुढे सरकवली की तिन्ही तारांची लांबी सारख्याच प्रमाणात कमी होते, तिन्ही स्वर सारख्याच गुणोत्तराने चढतात आणि त्यांचे आपसातले नाते तसेच राहते. रागसंगीताला यात काहीच खटकत नाही. एका तारेवर स्वर घसरत न्यायचे, बाकीच्या तारांनी आधार द्यायचा, एवढेच तर हवे असते. पाश्चात्त्य संगीतात मात्र अनेक स्वर एकदम वाजतात आणि त्यांचा समूह, म्हणजे 'कॉर्ड', सतत बदलत राहतो. 'सा-ग-प'वरून 'सा-म-ध'वर यायचे तर 'सा' जागेवर ठेवून उरलेले दोन स्वर वेगवेगळ्या मापाने चढवावे लागतात. सरळ कांडीला हे जमणे नाही. आपल्याकडे पेडलची निकड का भासली नाही, याचे कारण मला येथे दिसते. आपले कारागीर मागे पडले असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढे हा प्रश्नच नव्हता.

अमेरिकेत प्रश्न होता. तेथे वाद्याला पाय लावून खाली पेडल बसवण्यात आले. पेडल दाबले की सळया आणि तरफा यांच्यामार्फत तारेखालचा घोडीचा तुकडाच थोडा फिरतो आणि तार ओढली जाते. आरंभी पेडलचा उपयोग एक लावणी सोडून दुसरी लावणी घेण्यापुरता होता. बड आयझॅक्स याने स्वर वाजत असतानाच पेडल दाबले. 1954 मध्ये गाजलेल्या 'स्लोली' या गाण्यात एक स्वर स्थिर आणि दुसरे त्याच्याकडे सरकताहेत हा परिणाम लोकांनी ऐकला आणि मग तो सर्वांनाच हवासा झाला.

दहा तारांच्या प्रचलित लावणीत मुख्य स्वरांना आपण सा, ग, प म्हणू. पहिले पेडल 'प'चा 'ध' करते. दुसरे 'ग'चा 'म' करते. दोन्ही दाबली की 'सा-म-ध' मिळते आणि कांडी जागची हलतही नाही! आता गुडघ्यांकडे येऊ. वाद्याच्या पोटाखाली लोंबणारे दांडे वादक गुडघ्याने बाजूला ढकलतो. त्यांना 'नी लिव्हर' म्हणतात. एक दांडा 'सा' अर्ध्या स्वराने उतरवून 'नी' करतो, दुसरा तो चढवून कोमल 'रे' करतो. पहिले पेडल आणि हा दुसरा दांडा एकत्र वापरले की कोमल 'रे', 'ग' आणि 'ध' हे तीन स्वर मिळतात. 'ध'ला 'सा' मानून ते मोजले तर पुन्हा सा-ग-प हेच नाते दिसेल. विद्यार्थ्यांनी पेटीवर हे पडताळावे.

दांडा कोणत्या बाजूला असावा यालाही शास्त्र आहे. डावे पाऊल दोन शेजारच्या पेडलांवर डोलत असते आणि घोटा ज्या बाजूला झुकतो त्याच बाजूला गुडघाही सहज जातो. बडी एमन्सच्या मांडणीत पहिले पेडल सर्वांत डावीकडे आहे, म्हणून त्याच्या जोडीचा दांडाही गुडघ्याच्या डावीकडे. जिमी डेच्या मांडणीत पेडलांचा क्रम उलटा, म्हणून दांडा सहसा उजवीकडे. दोहोंचे स्वर तेच. फरक आहे तो हाडांच्या सोयीचा.

आता थोडा हिशोब. 'प'ची तार सुमारे 0.36 मिलिमीटर जाडीची आणि 61 सेंटिमीटर लांबीची असते. तिच्यावर साधारण 7 किलोग्रॅम वजनाइतका ताण असतो. 'ध' मिळवायला तो 9 च्या आसपास न्यावा लागतो. पण पोलाद इतके ताठर की एवढ्या ताणाला तार लांबते ती अवघी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त! या ओढीत तीन शतांश मिलिमीटरची चूक झाली तरी तयार कान नाक मुरडतो. म्हणून आधी पेडल मोकळे ठेवून खुंट्यांनी तारा लावायच्या, नंतर पेडल पूर्ण दाबून सळईच्या टोकाची चाकी फिरवायची आणि चढलेला स्वर वेगळा जुळवायचा. तंबोऱ्यातही खुंटीने ढोबळ स्वर लावल्यावर मणी सरकवून उरलेला बारीक फरक काढतात. 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या तंबोऱ्यातला मणी आणि ही चाकी एकाच कामाची.

एवढे करूनही एक खोड उरते. पेडल दाबताच वाद्याच्या सांगाड्यावर काही किलोग्रॅमचा जादा भार येतो, तो केसभर वाकतो, आणि न ओढलेल्या तारा किंचित सैल होऊन उतरतात. शाळेत साधी सहा तारांची गिटार असेल तर हे पाहता येते. सर्व तारा नीट लावाव्यात, मग एकच जाड तार स्वरभर चढवावी आणि बाकीच्या पुन्हा पेटीशी ताडून पाहाव्यात.